रिकाम्या चौकटीवरचा पट्टा

१

गाडीत तिरडी कशी बांधायची हे मला कुणी शिकवलं नाही. एका चुकीने शिकवलं.

आमच्या गाडीची ती पहिलीच फेरी होती. सोनपेठहून आत असलेल्या आमच्या गावापासून गोदाकाठचं स्मशान तीन किलोमीटरवर. रस्ता सगळा खड्ड्यांचा. ओढ्याच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि मागे तिरडी घसरत येऊन पत्र्यावर आदळली. मयताचा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. त्याने डोळे मिटून घेतले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी परभणीला जाऊन ट्रकवाले माल बांधायला वापरतात तसले दोन नारिंगी पट्टे आणले. गाडीच्या तळाला चार कड्या वेल्ड करून घेतल्या. तिरडी ठेवायला लोखंडी पाइपांची चौकट करून घेतली.

तेव्हापासून पद्धत ठरली. एक पट्टा छातीवरून, एक गुडघ्यांवरून. टोक रॅचेटच्या, म्हणजे पट्टा आवळायच्या दातेरी कळीच्या, फटीतून ओवायचं, पट्ट्यावरची काळी शिवण फटीशी येईपर्यंत हाताने ओढायचं आणि मग दांडी वरखाली करायची. दर वेळी एक दात पुढे सरकतो, एक खटका वाजतो. तिरडीवर माणूस असला की सात खटके बसतात. परतताना चौकट रिकामी असते, ती खडखडू नये म्हणून तिलाही बांधतो, तेव्हा अकरा. म्हणजे माणसाची जाडी चार खटके. पाटील असो की पालावरचा, फार तर एखाद्या खटक्याचा फरक. हे मी दोन वर्षं लोकांना अभिमानाने सांगत आलो. आमच्या भागात अजून मेलेल्यांच्याही वाटा वेगळ्या आहेत. गावातली तरणी पोरं पुण्याला गेली, खांद्याला चार माणसं मिळेनात, म्हणून मी गाडी काढली हे खरं. पण सगळ्यांना एकच चौकट, हे जास्त खरं. काही घरांनी त्यासाठी आमची गाडी नाकारली. त्यांची मी फिकीर केली नाही.

माझ्याबरोबर सटवाजीमामा असायचे. सत्तरीचे, दोन एकरांचे मालक, माझ्या नात्यातले कुणी नाहीत. पहिल्या फेरीचा तो आवाज त्यांनी ऐकला होता. दुसऱ्या फेरीला ते न बोलावता येऊन बसले. कशाला आलात म्हणून विचारलं तर म्हणाले, तुमी शिकलेली पोरं गाठ मारता ती सुटायसाठीच मारता.

खटके मोजायची सवय त्यांनाही लागली होती. ओठांतल्या ओठांत मोजायचे. म्हणूनच, आईला नेऊन आल्यानंतर चौथ्या दिवशी मी रिकामी चौकट बांधायला घेतली आणि सातव्या खटक्याला दांडी अडली, तेव्हा आम्ही दोघांनीही एकाच वेळी हात थांबवले.

२

आईबद्दल आधी सांगायला हवं.

आई, विमलाबाई, गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तिच्या बोटांच्या पेरांतला खडू गेला नव्हता, निदान मला तसं वाटायचं. चैत्रातल्या एका सकाळी अंगण झाडताना ती पायरीवर टेकली आणि तशीच राहिली. बाहेरगावचं यायचं असं कुणी नव्हतं. बारा वाजता आम्ही निघालो. सटवाजीमामा माझ्या शेजारी, अण्णा मागे तिच्याजवळच्या बाकावर. अण्णा म्हणजे माझे वडील, माधवराव. तहसीलमध्ये कारकून होते. पट्टे मीच आवळले. सात आणि सात.

गाव आणि नदी यांच्या बरोबर मध्ये विसाव्याचा ओटा आहे. जुन्या काळचा दगडी चौथरा, बाजूला एक लिंब. तिथे तिरडी टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात, तिरडीचं तोंड फिरवतात आणि पुन्हा उचलतात. दुसऱ्यांच्या मयतीला मी तिथे गाडी थांबवत असे. त्यांची माणसं, त्यांचा अधिकार. पण दर वेळी आतून चडफडत असे, आणि मनाशी ठरवून ठेवलं होतं की आपल्या घरचं कुणी गेलं तर आपण तरी तत्त्वाने वागायचं.

घाईचं कारणही होतं. निघतानाच गंगाखेड रस्त्यावरच्या एका वस्तीवरून फोन आला होता. त्यांची म्हातारी आदल्या संध्याकाळपासून घरात होती, आणि ऊन परभणीचं. दोनपर्यंत येतो म्हणून मी शब्द दिला होता.

ओटा दिसायला लागला तसे सटवाजीमामा पुढे झुकले. "बापू, थांबव. बाईला इसावा देऊ. दोन मिन्टाचं काम हाय."

मी म्हणालो, "मामा, विसावा मेलेल्यासाठी नव्हताच. खांदे दमायचे म्हणून होता. गाडी दमत नाही."

हे वाक्य मी खूप दिवस जपून ठेवलं होतं. मागच्या काचेवर बोटांनी दोनदा टकटक झाली. अण्णांची. मी ऐकली. गिअरसुद्धा न बदलता ओट्यावरून गाडी पुढे काढली.

नदीवरचं सगळं उरकून दोन वाजता वस्तीवर पोचलो. माझी वाट न बघता त्यांनी म्हातारीला आधीच ट्रॅक्टरमधून नेलं होतं. गाडी तशीच रिकामी घेऊन परत आलो. चौकट बांधायचंही भान नव्हतं, ती रस्ताभर मागे खडखडत राहिली.

३

मी फिजिक्समध्ये एमएस्सी आहे. सात खटके बसल्यावर मी घाबरलो नाही, वैतागलो. पट्टा दुमडला असेल, दातात माती गेली असेल. सगळं सोडलं. पट्टा उन्हात लांब पसरून दोन्ही बाजूंनी पाहिला. रॅचेटला तेल दिलं. पुन्हा शिवणीपर्यंत ओढला, पुन्हा दांडी मारली. सात. गुडघ्यांकडचा पट्टा बांधला. तोही सातच.

मग मी मागे सरकून नीट पाहिलं, आणि जे इतका वेळ समोर होतं ते दिसलं. पट्टा चौकटीला टेकलेलाच नव्हता. तिच्या वीतभर वरून, कमानीसारखा वाकून गेला होता. ताणलेला पट्टा दोन टोकांमधली सगळ्यात जवळची वाट धरतो. खाली काही असल्याशिवाय तो असा वाकत नाही. हे मी अकरावीच्या मुलांनाही शिकवलं आहे.

सकाळचे साडेअकरा झाले होते. मागचं दार उघडं होतं आणि ऊन थेट आत पडलं होतं. कुठे अंधारा कोपरासुद्धा नव्हता.

मी पट्ट्याखालून हात घातला. हात आरपार गेला. काही लागलं नाही. मग वरून, छातीकडच्या पट्ट्यावर, तळवा ठेवून हलकेच दाबला. थोडा दबला. मी हात काढला नाही. वाट पाहत राहिलो. कशाची वाट पाहतोय ते डोक्याच्या आधी हाताला कळलं. श्वासाची. पट्टा वर येईल असं हाताला वाटत होतं.

तो आला नाही. दबला होता तिथेच राहिला.

सटवाजीमामा दारात उभे होते. टोपी काढून त्यांनी हातात घेतली होती. मला वाटलं आता काहीतरी भलतंसलतं सांगतील आणि मी तयारीतच होतो, तोंडावर फेकायला दहा उत्तरं होती माझ्याकडे. ते एवढंच म्हणाले, "इतकं आवळू नको, बापू. जरा ढिला ठेव."

४

त्या दिवशी नदीपलीकडच्या एका गावचं बोलावणं होतं. मी गाडी काढली. चौकट जशी बांधली होती तशीच मागे.

रॅचेट एकाच दिशेने फिरतो. तसाच बनवलेला असतो तो, खड्ड्यांनी हादरला तरी सुटू नये म्हणून. उलटा फिरवायचा तर खालची पट्टी अंगठ्याने दाबून धरावी लागते. हे सांगतोय, कारण गाव सुटल्यावर पहिल्या वळणाला मागून खटका वाजला. एकच. मग शंभर पावलांवर दुसरा. ओट्याकडे जाईपर्यंत पट्टे इतके ताणले गेले की त्यांतून सूक्ष्म गुणगुण यायला लागली, वाऱ्यात तार गुणगुणते तशी. मी आरशात पाहिलं. कमान तशीच होती, फक्त एका बाजूला कललेली. मागच्या दाराच्या बाजूला. गावाच्या बाजूला.

सटवाजीमामा म्हणाले, "फिरव गाडी. तुटंल ते."

मी फिरवली. गावाकडे तोंड होताच गुणगुण थांबली. मग खटके सुटायला लागले. एक एक करून, सावकाश, जपून, जसं झोपलेल्या घरात कुणी कडी काढावी. आमच्या दारापाशी गाडी उभी केली तेव्हा पट्टे सैल पडले होते. पण कमान मोडली नव्हती.

पलीकडच्या गावाला मी फोन करून गाडी बिघडल्याचं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो.

सटवाजीमामांना विचारलं, हे काय आहे, तुम्हाला काय वाटतं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "मला काय कळतंय. आमच्यात म्हणत्यात, इसाव्यापतुर माणूस घराकडं बघत जातंय. तिथं फिरवलं, की मंग नदीकडं. बाईला कुणी फिरवलंच न्हाई."

मग तेच पुढे म्हणाले की सोपं आहे, ओट्यापाशी चल, चार माणसं घेऊ, चौकट टेकवू, फिरवू. मी हो म्हणालो. उद्या, म्हणालो.

५

उद्या मी गेलो नाही.

कारण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर अण्णा घरात दिसले नाहीत. ते गाडीत होते. मागच्या बाकावर, चष्मा लावून, मांडीवर वर्तमानपत्र. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, इथे जरा वारा लागतो. चैत्रातल्या उन्हात पत्र्याच्या गाडीत वारा.

आई वह्या तपासत बसायची तेव्हा अण्णा तिला पेपर वाचून दाखवायचे. येलदरीच्या धरणात पाणी किती राहिलं, कापसाला भाव काय, कुठल्या गुरुजींची बदली झाली. ती मान वर न करता मधेच एखादा टोला मारायची आणि अण्णा हसायचे. तीस वर्षं तेच. आता मी अंगणात उभा राहून पत्र्याआडून ऐकत होतो. अण्णा एक बातमी वाचत. थांबत. तेवढाच वेळ थांबत, जेवढा ती घ्यायची. मग हळूच हसत आणि पुढची बातमी घेत.

मी दारातून डोकावलो. त्यांचा डावा हात पट्ट्यावर ठेवलेला होता. आजारी माणसाच्या पांघरुणावर ठेवतात तसा.

मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. तुम्ही काच वाजवली होती."

त्यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता. "बरं झालं थांबला नाहीस," ते म्हणाले. "थांबला असतास तर गेली असती."

तत्त्वं, पुरावा, मापं, ज्यांच्या जोरावर मी गावाशी दोन वर्षं भांडलो, त्यातलं काही तिथे चालण्यासारखं नव्हतं. मी चढून समोरच्या बाकावर बसलो. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. अण्णांनी क्रीडा पान उघडलं आणि म्हणाले, हे तुला आवडत नाही, पण ऐक. ते माझ्याशी बोलत नव्हते.

६

तेरा दिवस असे गेले.

मी गाडीला आतून जुन्या साडीचा पडदा लावला. दररोज तळ पुसून घेत होतो. गाडी उभी करताना तोंड घराकडे राहील असं बघत होतो, म्हणजे पट्टे सैल राहत. फोन आला की क्लचप्लेट गेलीय, सामान मिळत नाहीये. खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

एकदा शिवेपलीकडच्या वस्तीवरून बोलावणं आलं. त्या वस्तीच्या मयताला शेजारचं गाव आपल्या गल्लीतून जाऊ देत नाही. आमची गाडी होती म्हणून ती माणसं दोन वर्षं सरळ रस्त्याने जात होती. त्यांच्यासाठीच ही गाडी आहे असं मी लोकांपुढे म्हणालो होतो. त्यांनाही मी क्लचप्लेट सांगितली. सटवाजीमामांनी नंतर सांगितलं की त्यांनी बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली आणि नांगरटीतून, ढेकळांवरून नेली. बांधायला काही नव्हतं म्हणून तिचा नवरा ट्रॉलीत तिच्यावर आडवा पडून राहिला होता.

हे सांगताना मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या घटकेला मला काय करायचं ते स्वच्छ कळत होतं. गाडी ओट्यापर्यंत न्यायची. दहा मिनिटांचं काम. ते केलं की गाडी पुन्हा सगळ्यांची. आणि ते केलं की अण्णांच्या थांबण्यात पुन्हा कुणी नसणार, आणि त्या पट्ट्यावर हात ठेवून मला जे म्हणायचं होतं ते म्हणायचं राहून जाणार. रोज दुपारी बसत होतो, अजून म्हणालो नव्हतो.

मी मामांना म्हणालो, अजून चार दिवस.

ते उठले. जाता जाता म्हणाले, आमची म्हातारी, नर्मदा, आजारी हाय, माझं बी येणं व्हायचं न्हाई चार दिवस.

७

पाचव्या दिवशी सकाळी आठला सटवाजीमामा अंगणात येऊन उभे राहिले. डोक्याला टोपी नव्हती. मला वाटलं होतं ते गाडी मागतील. त्यांनी मागितली नाही. नुसते उभे राहिले, गाडीकडे बघत.

नर्मदाबाई पहाटे गेल्या होत्या. खडीसाखरेचा खडा दिल्याशिवाय ही बाई मला दारातून जाऊ देत नसे.

क्लचप्लेट म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. मी किल्ली घेतली. अण्णा आधीच मागे बसलेले होते, ते उतरले नाहीत.

मामांच्या दारात तिरडी चौकटीवर ठेवली. ठेवताना चौघांनीही ती आपोआप जरा एका कडेला धरली, का ते कुणी विचारलं नाही. मी पट्टा ओवला. शिवणीपर्यंत ओढायला जोर लागला. दांडी मारली. कट्. कट्. कट्.

तिथेच अडली.

मी पुन्हा जोर लावला. दांडी हलली नाही. सटवाजीमामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तेही मोजत होते. सातातून चार गेले की किती, ते मामांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

ते गाडीत डोकं घालून, जवळच्या माणसालाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, चौकटीकडे बघून बोलले. "बाई, माझी म्हातारी अंगानं लहान हाय. पर तुमास्नी अडचण व्हायलीय आन् तिलाबी. किती दिस अशी अडचणीत राहताल."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. नर्मदाबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. तीन आठवड्यांत मला ते पहिल्यांदा म्हातारे दिसले.

"सारंग," ते म्हणाले. "ओट्यापाशी थांब."

८

पट्टे त्या दिवशी तुटतील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. गुणगुण इतकी चढली की मागे चालणारी माणसंही ऐकत असावीत. ओट्यासमोर मी गाडी बंद केली. लिंबाखाली सावली होती. माणसं कमी होती, दहाबारा. पण होती.

आधी नर्मदाबाईंना उतरवलं, चौथऱ्यावर टेकवलं. पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले, तिरडी फिरवली. मग सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी चौकटीला हात घातला.

ती चौकट एकटा माणूस काखेत मारून नेऊ शकतो. सहा पाइप, दुसरं काही नाही. मी आणि हरिओम, मामांचा पुतण्या, दोघांनी ओढली तर तळावरून सरकेना. अण्णा उतरून आले. मग आश्रुबा आला, बाजारात पोती वाहणारा, चाळिशीचा रेड्यासारखा माणूस. त्याने कोपरा धरला, उचलून पाहिला आणि खाली ठेवला. क्षणभर तो त्या पाइपांमधून खाली जमिनीकडे बघत राहिला.

"मला बाईनंच बाराखडी शिकवली," तो म्हणाला. "लय छड्या खाल्ल्यात ह्या हातानं." आणि पुन्हा कोपरा धरला.

चौघांनी मिळून ती ओट्यावर, नर्मदाबाईंशेजारी, टेकवली. मोकळे पट्टे दोन्ही बाजूंना लोंबत होते. फिरवायच्या वेळी आम्ही ती कमरेइतकी उचलली. मी पुढच्या उजव्या कोपऱ्यावर होतो, मागे यायचं होतं. सावलीतून बाहेर उन्हात पाऊल टाकलं आणि नजर खाली गेली.

सहा पाइपांची सावली शिडीसारखी पडायला हवी. पांढऱ्या धुळीवर जी पडली होती तिला फटी नव्हत्या. ती भरलेली होती, डोक्याकडे अरुंद, खांद्यांशी रुंद. डोक्याचा भाग एका बाजूला वळलेला होता, गावाकडे. आम्ही पावलापावलाने चौकट फिरवत होतो तसा तो भाग मात्र फिरत नव्हता, गावाकडेच राहत होता, आणखी, आणखी, मानेला जितकं शक्य असतं तिथवर. मग अण्णांनी फार हळू आवाजात काहीतरी म्हटलं. काय, ते मला ऐकू आलं नाही, मला ऐकू यावं म्हणून म्हटलेलं नव्हतं. आणि सावली सरळ झाली.

मी डोळे वर घेतले. वर काहीच नव्हतं. पाइपांतून लिंबाचा बुंधा दिसत होता.

इथून पुढे गाडी नको, सटवाजीमामा म्हणाले, खांद्यावरच जाऊ. ते विस्तवाचं मडकं घेऊन पुढे झाले. नर्मदाबाईंना चौघांनी उचललं. आता आमची पाळी होती. आश्रुबा आणि हरिओम वाकले, अण्णा वाकले. मी वाकलो नाही. मला अजून दोन मिनिटं हवी होती. ज्या ओट्यावरून मी गिअर न बदलता गेलो होतो तिथे मला आणखी दोन मिनिटं हवी होती, आणि तसं म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

अण्णा म्हणाले, "उचल, सारंग. ऊन चढलं. तिला ऊन सोसत नाही."

मी उचललं.

आश्रुबाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. हरिओमने खांद्यावर उपरणं दुमडून घेतलं. माझ्यापुढे अण्णांचा खांदा खाली गेला, त्यांच्या तोंडून दीर्घ श्वास निघाला, आणि खांदा तसाच वाकलेला राहिला. माझ्या खांद्यावर पाइप टेकला होता. नुसता पाइप. मला वाटलं मी वाकलोय, म्हणून मी ताठ झालो. मग चवड्यांवर उभा राहिलो. मग हात सोडून बघितला. तिघं भाराखाली झुकत होते आणि माझा कोपरा वाळल्या काटकीसारखा होता.

"अण्णा," मी म्हणालो, "माझ्याकडे वजन येत नाही."

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "चाल," म्हणाले.

नदीपर्यंत दीड किलोमीटर. मी सगळ्या वाटेने खांदा वर करत राहिलो, पुढे करत राहिलो, पाइपाला आतून लावत राहिलो. तिने शेवटपर्यंत माझ्या खांद्यावर काही ठेवलं नाही.